मालक कोणाला म्हणावे? न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि भारतीय कामगार कायद्याची घडण

बंगळूरुच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही मुळात निवासी वसाहत. आज तेथील शंभर फुटी रस्त्यावर बंगल्यांच्या जागी कार्यालये, उपाहारगृहे, दवाखाने आणि सल्लागार संस्था दाटीवाटीने उभ्या आहेत. जवळच्या सीएमएच रस्त्याला तर नावच एका रुग्णालयावरून मिळाले आहे. कारखान्याचा भोंगा येथे ऐकू येत नाही. तरीही येथील प्रत्येक आस्थापनेत कोणीतरी पगार देतो आणि कोणीतरी तो घेतो. त्या दोघांत वाद उद्भवला, की व्यवस्थापनाच्या बाजूने उभा राहणारा वकील सर्वप्रथम एकच प्रश्न तपासून पाहतो. कायद्याच्या भाषेत हे ठिकाण ‘उद्योग’ ठरते काय? उत्तर नकारार्थी आले, तर औद्योगिक संबंधांविषयीच्या कायद्याने कामगाराला दिलेले संरक्षण तेथे लागूच होत नाही आणि खटल्याचा पायाच निखळतो.

या प्रश्नाला भारतात नेमके रूप ज्यांच्या निकालपत्रांनी दिले, ते न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे. मालकांचे वकील आणि कामगारांचे वकील, दोघांनाही आजवर त्यांच्या निकालांचा आधार घ्यावा लागला आणि दोघांनाही त्यांच्याशी झुंजावे लागले. विशेष म्हणजे त्यांनी घालून दिलेली एक कसोटी बंगळूरुच्याच एका खटल्यात पुन्हा प्रतिष्ठित झाली आणि त्यांनीच आखलेली दुसरी एक सीमारेषा त्याच खटल्यात पुसली गेली.

गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. घराण्याचे नाव कर्नाटकातील गजेंद्रगड या गावावरून आलेले. घरात शास्त्राध्ययनाची परंपरा होती. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान, तर थोरले बंधू अश्वत्थामाचार्य हे पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नावाजले. प्रल्हाद यांचे शालेय शिक्षण साताऱ्यात झाले. त्यानंतर धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय असा त्यांचा प्रवास झाला. १९२४ मध्ये ते एम.ए. झाले आणि १९२६ मध्ये त्यांनी पुण्यातच कायद्याची पदवी संपादन केली. मराठी आणि कन्नड या दोन्ही प्रदेशांशी जडलेले हे नाते त्यांच्या आयुष्याला अखेरपर्यंत लाभले.

१९२६ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपिलीय बाजूवर वकिली सुरू केली. त्या काळी या न्यायालयाचे दोन स्वतंत्र संसार होते. मूळ बाजूवर शहरातील व्यापारी घराण्यांचे मोठे दावे चालत आणि तेथे पक्षकार व वकील यांच्यामध्ये सॉलिसिटरची पेढी असे. अपिलीय बाजूवर मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतून जमीनजुमला, वारसा, दत्तकविधान यांची प्रकरणे येत. गजेंद्रगडकर यांचा पिंड घडला तो या दुसऱ्या संसारात. हिंदू कायद्यावर त्यांनी प्रभुत्व मिळविले, त्या विषयावरील एका त्रैमासिकाचे संपादन केले आणि नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शास्त्रवचन आणि बदलता समाज यांची सांगड घालण्याची सवय त्यांना येथे लागली. कामगार कायद्यात हीच सवय त्यांच्या उपयोगी पडली.

१९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यासह त्यांनी दिलेला १९५१ चा नरसू आप्पा माळी खटल्याचा निकाल आजही चर्चेत असतो. द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरवितानाच वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतात काय, या प्रश्नाला त्या निकालाने हात घातला होता. तथापि, देशभरातील कामगारांना आणि मालकांना गजेंद्रगडकर यांचे नाव परिचित झाले ते बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनप्रश्नामुळे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बँकांमधील वेतनाचा तंटा विलक्षण चिघळला होता. सेन न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्दबातल ठरविला. त्यानंतर शास्त्री न्यायाधिकरण आले आणि त्याच्या निवाड्यावर कामगार अपील न्यायाधिकरणाने १९५४ मध्ये निर्णय दिला. तो निर्णय केंद्र सरकारने स्वतःच्या अधिकारात बदलला. या हस्तक्षेपाच्या निषेधार्थ तत्कालीन केंद्रीय श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. सरकारला चौकशी आयोग नेमणे भाग पडले. आयोगाची सूत्रे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे होती, परंतु त्यांचे निधन झाल्याने ती गजेंद्रगडकर यांच्याकडे आली. बँकांची आर्थिक कुवत आणि कर्मचाऱ्यांच्या गरजा यांचा ताळमेळ घालणाऱ्या त्यांच्या शिफारशी सरकारने स्वीकारल्या आणि १९५५ मध्ये त्यांना कायद्याचे रूप मिळाले. मंत्र्याचा राजीनामा घेऊन गेलेला तंटा एका न्यायाधीशाच्या अहवालाने शमला, ही घटना त्या काळी लहान नव्हती.

जानेवारी १९५६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले आणि योगायोगाने त्याच वर्षी कामगार अपील न्यायाधिकरण बरखास्त करणारा कायदा झाला. परिणामी न्यायाधिकरणांच्या निवाड्यांविरुद्धची अपिले विशेष परवानगीने थेट सर्वोच्च न्यायालयात येऊ लागली. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, म्हणजे अवघा नऊ वर्षांचा होता. त्यातील अनेक शब्दांचा अर्थ अजून कोणी ठरविलेला नव्हता. किमान वेतन, बोनस, कामगारकपात, बडतर्फी, संप आणि टाळेबंदी या प्रत्येक विषयावर दोन्ही बाजूंचे नामांकित वकील परस्परविरोधी अर्थ मांडत होते. पुढील दहा वर्षांत या विषयांवरील महत्त्वाची निकालपत्रे मोठ्या संख्येने गजेंद्रगडकर यांनी लिहिली.

मालकपक्षाची मूळ भूमिका कराराची होती. ठरलेल्या अटींवर नोकरी दिली, त्या अटी मोडल्या नाहीत, मग न्यायाधिकरणाने नव्या अटी लादण्याचे कारण काय, असा तिचा आशय. गजेंद्रगडकर यांनी ही भूमिका अपुरी ठरविली. औद्योगिक न्यायनिवाडा हा केवळ कराराचा अर्थ लावण्यापुरता मर्यादित नसून सामाजिक न्यायासाठी नवे हक्क व नवी कर्तव्ये निर्माण करण्याचा अधिकार त्यात अंतर्भूत आहे, हे सूत्र त्यांनी रुजविले. क्राउन ॲल्युमिनियम वर्क्सच्या प्रकरणात त्यांनी वेतनाचा तळ आखून दिला. उद्योगाची आर्थिक स्थिती बिघडल्यास वेतनरचनेचा फेरविचार होऊ शकतो, हे त्यांनी मान्य केले. मात्र किमान निर्वाहाचे वेतनही जो उद्योग देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही, अशी मर्यादाही घातली.

याचा अर्थ मालकांचे म्हणणे त्यांच्यापुढे टिकत नसे, असा मुळीच नाही. १९५९ मधील असोसिएटेड सिमेंट कंपनीचे बोनस प्रकरण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बोनसची गणना त्या वेळी मुंबईतील कापड गिरण्यांच्या वादात १९५० मध्ये ठरलेल्या सूत्रानुसार होत असे. एकूण नफ्यातून घसारा, यंत्रसामग्रीच्या पुनर्स्थापनेची तरतूद, आयकर, भांडवलावरील परतावा आणि खेळत्या भांडवलावरील परतावा वजा केल्यावर जी शिल्लक उरेल, तीच वाटपायोग्य. कामगार संघटनांचा आक्षेप पुनर्स्थापनेच्या तरतुदीवर होता. त्या नावाखाली कंपन्या शिल्लकच उरू देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. कंपन्यांचे उत्तर असे, की युद्धापूर्वी घेतलेले यंत्र आज त्याच किमतीला मिळत नाही आणि केवळ घसाऱ्यावर विसंबून राहिले तर कारखाना एक दिवस बंद पडेल. गजेंद्रगडकर यांनी हा युक्तिवाद मान्य केला व सूत्र कायम ठेवले. परंतु पुनर्स्थापनेच्या खर्चाचा दावा कंपनीने पुराव्यानिशी सिद्ध केला पाहिजे, केवळ आकडा लिहून भागणार नाही, असे बंधनही घातले. सूत्राचा मुळातून फेरविचार करायचा असेल, तर ते काम उच्चाधिकार आयोगाचे आहे, असेही त्यांनी सुचविले. पुढे १९६१ मध्ये बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनस कायदा अस्तित्वात आला.

व्यवस्थापनांच्या दैनंदिन कारभारावर सर्वाधिक परिणाम झाला तो त्यांच्या बडतर्फीविषयक निकालांचा. पंजाब नॅशनल बँकेतील १९५१ च्या लेखणीबंद संपाच्या प्रकरणात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कर्मचारी जागेवर बसून काम थांबवितात, तेव्हा तो संपच असतो. परंतु संप बेकायदा असला, तरी केवळ त्यात सहभागी झाल्याच्या कारणावरून सरसकट सर्वांना बडतर्फ करता येत नाही. कोणी काय केले, हे प्रत्येकाच्या बाबतीत निश्चित झाले पाहिजे. १९६३ मधील दोन निकालांत त्यांनी अंतर्गत चौकशीची रीतच घालून दिली. आरोप करणाऱ्या व्यवस्थापनाने आधी आपला पुरावा मांडावा. साक्षीदारांच्या जबान्या कामगारासमक्ष घ्याव्यात. त्याला उलटतपासणीची संधी द्यावी आणि त्यानंतरच त्याचे म्हणणे विचारावे. ज्याने घटना स्वतः पाहिली, त्याने चौकशी अधिकारी होऊ नये. निष्कर्ष सकारण असावेत.

आज देशभरातील कोणत्याही कंपनीत आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीपुरावा आणि अहवाल असा जो क्रम पाळला जातो, त्याला आकार देणाऱ्या निकालांत या निकालांचे स्थान वरचे आहे. मालकांच्या वकिलांचे काम त्यामुळे पालटले. न्यायालयात उभे राहून बडतर्फीचे समर्थन करण्यापेक्षा, बडतर्फीपूर्वीच चौकशी निर्दोष होईल याची दक्षता घेणे हे त्यांचे मुख्य कर्तव्य बनले. चौकशी न्याय्य असेल तर न्यायाधिकरण तिच्या निष्कर्षांत सहजासहजी ढवळाढवळ करणार नाही, हे आश्वासनही त्याच निकालांत होते. शिस्त राखण्याचा मालकाचा अधिकार गजेंद्रगडकर यांनी नाकारला नाही. त्या अधिकाराला त्यांनी रीत जोडून दिली.

या साऱ्या निकालांच्या मुळाशी तो पहिला प्रश्न होताच. उद्योग कशाला म्हणावे? १९६० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड कर्मचाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. नागरी पुरवठा खात्यातून कमी केलेल्या कर्मचाऱ्यांना सामावून घेण्यासाठी या दोघांना नोकरीवरून काढले गेले होते. कायद्याने बंधनकारक असलेली कपातीची भरपाई त्यांना देण्यात आली नव्हती. मुंबई सरकारची बाजू अशी, की रुग्णालय नफ्यासाठी चालत नाही, ते लोककल्याणाचे शासकीय कार्य आहे, म्हणून तो उद्योग नव्हे. गजेंद्रगडकर यांनी हा युक्तिवाद फेटाळला. नफा आहे की नाही, भांडवल कोणाचे आहे, या गोष्टी निर्णायक नाहीत. समाजाला वस्तू वा सेवा पुरविण्यासाठी मालक आणि कर्मचारी यांच्या सहकार्याने पद्धतशीरपणे चालणारे कार्य असेल, तर ते उद्योगाच्या कक्षेत येते. सरकार हेही मालक असू शकते आणि धर्मादाय हेतूने चालणारी संस्थाही. भरपाईविना केलेली ती कपात अवैध ठरली.

मात्र दोनच वर्षांनी या व्यापक कसोटीला त्यांनी स्वतःच कुंपण घातले. मुंबईतील एका सॉलिसिटर पेढीच्या कर्मचाऱ्यांनी बोनस मागितला होता. पेढी कर्मचारी नेमते, त्यांच्याकडून पद्धतशीर काम करून घेते आणि मोबदला कमावते. वरवर पाहता नवी कसोटी येथे चपखल बसत होती. परंतु गजेंद्रगडकर यांनी १९६२ च्या निकालात वेगळी दिशा घेतली. सॉलिसिटरची सेवा ही त्याच्या व्यक्तिगत बुद्धीची व ज्ञानाची सेवा आहे. टंकलेखक, कारकून वा शिपाई यांचे साहाय्य त्या सेवेच्या गाभ्याला स्पर्श करीत नाही. म्हणून पेढी उद्योग ठरत नाही. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांच्या प्रकरणात त्यांनी हाच विचार शिक्षणसंस्थांना लागू केला. विद्यापीठाचे कार्य ज्ञानदानाचे, त्यात शिक्षकांचा वाटा मुख्य. बसचालकांचे काम त्या मानाने गौण.

विद्येच्या घराण्यात जन्मलेल्या, विधिव्यवसायात घडलेल्या या न्यायाधीशाने आपल्याच दोन परंपरांना उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवले, अशी टीका पुढे होत राहिली. रुग्णालयातील वॉर्ड कर्मचाऱ्याला जे मिळाले, ते विद्यापीठाच्या बसचालकाला आणि वकिलाच्या कारकुनाला का मिळू नये, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मालकांच्या वकिलांना मात्र या दोन निकालांनी एक मजबूत आधार दिला. त्यांच्या बळावर अनेक व्यावसायिक व शैक्षणिक संस्थांना कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याचा दावा करता येऊ लागला.

दरम्यान १९६२ मध्ये म्हैसूर राज्याच्या बालाजी खटल्यात त्यांनी उच्च शिक्षणातील ६८ टक्के राखीव जागांचा आदेश रद्द केला आणि आरक्षण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे, असा दंडक घातला. त्या दंडकाचे पडसाद महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत आजतागायत उमटतात. १ फेब्रुवारी १९६४ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यातील केशवसिंह प्रकरणाचा घटनात्मक पेच त्यांच्याच अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांच्या पीठाने सोडविला. १५ मार्च १९६६ रोजी ते निवृत्त झाले.

निवृत्तीने त्यांचे काम थांबले नाही. त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर राहिले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याविषयीच्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. डिसेंबर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे तेच अध्यक्ष होते. आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला. कारखान्यांतील संघटित कामगारांबरोबरच असंघटित क्षेत्रातील श्रमिकांच्या स्थितीचीही त्यात दखल होती. तंटे सोडविण्याचे काम सरकारच्या मर्जीवर न ठेवता स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोगांकडे सोपवावे, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची शिफारस. वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे मंत्रालयात ठरते, ही पद्धत मालक आणि कामगार दोघांनाही लाचार करते, असा त्यामागील विचार होता. ही शिफारस प्रत्यक्षात उतरली नाही. १९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान मिळाला.

उद्योगाच्या व्याख्येची कथा मात्र त्यांच्या निवृत्तीनंतर वळणे घेत राहिली. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा जे. जे. रुग्णालयाचा निकाल चुकीचा ठरविला. त्यानंतर बंगळूरुच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाचे प्रकरण उभे राहिले. मंडळाने काही कर्मचाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल दंड ठोठावून रक्कम वसूल केली होती. कर्मचाऱ्यांनी कामगार कायद्याखाली दाद मागितली. शहराला पाणी पुरविणे हे वैधानिक कार्य आहे, मंडळ हा उद्योग नव्हे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. किरकोळ दंडाच्या वसुलीतून निघालेला हा वाद सात न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला.

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या मुख्य निकालपत्रात तिहेरी कसोटी मांडली गेली. पद्धतशीर कार्य, मालक व कर्मचारी यांचे सहकार्य, आणि मानवी गरजा भागविणाऱ्या वस्तू वा सेवांची निर्मिती अथवा वितरण. नफ्याचा हेतू अप्रस्तुत ठरला. ही कसोटी म्हणजे जे. जे. रुग्णालयाच्या निकालातील विचाराचाच विस्तार होता. त्या निकालाची पुनःस्थापना झाली आणि सफदरजंगचा निकाल रद्द ठरला. त्याच वेळी सॉलिसिटर पेढीचा आणि दिल्ली विद्यापीठाचा, हे दोन्ही निकालही मोडीत निघाले. गजेंद्रगडकर तेव्हा हयात होते. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांच्या विचाराचा अर्धा भाग देशाचा कायदा म्हणून कायम झाला आणि उरलेला अर्धा इतिहासजमा झाला. जो अर्धा टिकला, त्यानेच दुसऱ्याचा पाडाव केला, हे यातील मर्म.

१२ जून १९८१ रोजी गजेंद्रगडकर यांचे निधन झाले. ‘टू द बेस्ट ऑफ माय मेमरी’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर, १९८३ मध्ये प्रकाशित झाले.

वाद तेथेही मिटला नाही. रुग्णालये व शिक्षणसंस्था वगळणारी दुरुस्ती संसदेने १९८२ मध्ये केली, परंतु ती अमलात आणली गेली नाही. बंगळूरुच्या निकालाचा फेरविचार व्हावा, यासाठी हा प्रश्न २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने उद्योगाची व्याख्या नव्याने लिहिताना नफ्याचा हेतू आवश्यक नाही हे तत्त्व स्वीकारले. मात्र धर्मादाय कार्य करणाऱ्या संस्था, शासनाची सार्वभौम कार्ये आणि घरगुती नोकरी यांना तिने बाहेर ठेवले. म्हणजे कुंपण आहेच, केवळ त्याची जागा बदलली आहे.

इंदिरानगरातील एखाद्या दवाखान्याचा, शाळेचा अथवा कायदा सल्लागार पेढीचा मालक आज वकिलाकडे जातो, तेव्हा त्याला दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. आपण उद्योग नाही, असे म्हणून सुटका होईलच याची शाश्वती नाही. आणि कर्मचाऱ्याला काढायचेच असेल, तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. साताऱ्याच्या शास्त्री घराण्यातून आलेल्या न्यायाधीशाने सहा दशकांपूर्वी लिहिलेल्या निकालपत्रांचा तो थेट परिणाम आहे. त्यांपैकी एका निकालात त्यांनी आपल्याच व्यवसायाला सूट दिली होती. ती टिकली नाही. दोन वॉर्ड कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात त्यांनी जे ठरविले, त्याचा गाभा मात्र अद्याप उभा आहे.